ओगावाबाईंचं ताट

गिरणाकाठ, ता. भडगाव
२० एप्रिल १९९७

प्रिय चंद्रकला,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, पण जीभ ठणठणीत आहे. एवढ्यासाठी पत्र कशाला, भडगावच्या बूथवरून फोन केला असता तरी चाललं असतं, असं म्हणशील. पण तो नथ्थू बूथवाला काचेला कान लावून बसतो. माझ्या केळीचा भाव त्याला माझ्याआधी कळतो. जे सांगायचं आहे ते त्याच्या कानावर पडू नये म्हणून कागद घेतला. तीन वेळा लिहून फाडला, हा चौथा. सातवी फायनल झालेला माणूस मी, सातबाऱ्याचा अर्ज एका दमात लिहितो, पण पोटच्या पोरीला पत्र लिहायचं तर हात चालत नाही.

इकडे ऊन मरणाचं आहे. केळीच्या बागेला पाण्याची पाळी सकाळीच उरकून घेतो. आईच्या कुरडया वाळत पडल्या आहेत आणि मी दिवसभर कावळे हाकतो, एवढंच काम म्हातारपणी माझ्या वाट्याला ठेवलंय तिने. आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला माहेरवाशिणी येतील, मागच्या निंबाला झोके बांधले जातील. तूही येशीलच. पण तू समोर बसलीस, आबा पाणी घ्या म्हणालीस, की माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. दहा वर्षं नाही निघाला. म्हणून तू येण्याआधी हे वाच, आणि मग यायचं की नाही ते ठरव.

तू अकरावीला गेलीस ते साल शहाऐंशी. पितांबर सर तुम्हाला हिंदी शिकवायचे. पुण्याला एम. ए. करताना संध्याकाळच्या वर्गाला जाऊन जपानी शिकलेला माणूस, आणि नोकरी लागली भडगावला! त्यांनी नोटीस लावली, अकरावी-बारावीच्या मुलांसाठी सकाळी सात ते आठ जपानी भाषेचा वर्ग, फी नाही. अकरा जण गेले. भिकनचा पोरगा का गेला आठवतं? जपानी आलं की घड्याळं दुरुस्त करता येतात म्हणून. दिवाळीपर्यंत तिघं उरली. त्यात तू एक. थंडीत शाल गुंडाळून सायकलवर निघायचीस आणि तुझी आई दारातून ओरडायची, वं माय, चहा तरी पी!

मी चेष्टाच करायचो. तू म्हणालीस, आबा, त्यांच्यातही क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच. मी म्हटलं, मग मराठीच बोला की, एवढी पायपीट कशाला? तू म्हणालीस, त्यांच्यात चहा करायचा विधी असतो, तासन्‌तास चालतो. मी म्हटलं, आपल्याकडे तेवढ्यात दूध फाटेल. तू हसायचीस आणि पुन्हा गिरवायला बसायचीस. ओसरीच्या फरशीवर खडूने, बी-बियाण्याच्या रिकाम्या पिशव्यांच्या पाठीवर, कुठे कुठे ती अक्षरं! एकदा तर शेणाने सारवलेल्या अंगणात रांगोळीने काहीतरी काढलंस, अन् झिपरूनानांनी विचारलं, ही कोणत्या देवाची चौकट? पाऊस, असं लिहिलंय म्हणालीस तू. नाना चपला काढून बाजूने गेले.

आणि तो रेडिओ. माझा बाजारभाव ऐकायचा रेडिओ तू ताब्यात घेतलास. खरखरीतून जपानची बाई बोलायची आणि तू तिच्या मागून बोलायचीस. मी खाटेवर पडून ऐकायचो. लोकांना सांगताना छाती फुगवून सांगायचो, आमची पोरगी जपानी बोलते म्हणून. घरात मात्र गप्प असायचो. ते गप्प असणं काय होतं ते पुढे सांगतो.

मग बारावीच्या सुरुवातीला ते पुण्याच्या संस्थेचं पत्र आलं. दर दोन वर्षांनी महाराष्ट्रातून एक पोरगी किंवा पोरगा एक वर्ष जपानच्या शाळेत शिकायला पाठवायचे, आणि तिकडची एक मुलगी तेवढंच वर्ष आपल्या घरी राहायला यायची. पेपर झाला, तोंडी झाली, शेवटच्या दोघांत तू. राहिलं होतं फक्त घर बघणं. त्या संस्थेच्या जपानी ओगावाबाई एक दिवस येऊन राहणार, पंगतीला बसणार, आणि त्यांची पोर या घरात घरची म्हणून राहील की नाही ते बघणार. सर ओसरीवर बसून मला हे समजावत होते तेव्हा तू दाराआड उभी होतीस. तुझ्या बांगड्यांचा आवाज येत होता. मी म्हटलं, हो, येऊ द्या की.

तारीख पुण्याहून ठरून आली, नागपंचमीनंतरचा रविवार. आपल्या कानबाई देवीची स्थापना! त्या साली पाळी आपल्याच घराची, सगळी भाऊबंदकी आपल्याकडे. तू पंचांग बघून रडकुंडीला आलीस. कानबाईचा रोट म्हणजे देवीच्या नैवेद्याचं जेवण, भाऊबंदकीबाहेर कोणाला घासही द्यायचा नाही. लग्न झालेल्या लेकीलाही नाही. त्या दिवशी घरात दुसरा स्वयंपाक नसतो. मग ओगावाबाईंना जेवायला काय वाढणार? तू सरांकडे धावलीस, सर, पुण्याला पत्र टाका, एक रविवार पुढे ढकला. सर म्हणाले, बघतो. आणि तारीख बदलली नाही.

तो दिवस तुझ्या मनातून गेला नसेल, पण मला कसा दिसला ते ऐक. चौरंगावर कानबाई बसलेली, नथ घातलेली, पिवळं पातळ नेसलेली. बायका गाणी म्हणत होत्या. सर बाईंना घेऊन आले. बाईंनी उंबऱ्यापाशी बूट काढले, खाली वाकून ते जोडीने बाहेर तोंड करून ठेवले. तुझी आई मला म्हणाली, दखा, वळण कसं शे! देवीपुढे बाई एवढ्या वाकल्या की गाणाऱ्या बायका गाणं विसरल्या. मग पंगत बसली. पुरणपोळी, खीर, कटाची आमटी, गंगाफळाची भाजी. बाई तुझ्या शेजारी गुडघे मोडून बसल्या. तू तरीही आशेने आधीच त्यांच्यापुढे ताट मांडलं होतंस. आणि मी उठलो. सगळ्यांसमोर म्हटलं, चंद्रकला, बाईंना सांग, हे जेवण घरच्यांसाठी आहे. बाहेरच्या माणसाला हे चालत नाही.

तू माझ्याकडे बघितलंस. मी पुन्हा म्हटलं, सांग. वर्षभर पहाटे उठून जी भाषा शिकलीस, तिच्यात तुझ्या बापाने तुझ्याकडून पहिलं खरं वाक्य बोलवून घेतलं ते हे. तू एक शब्दही गोड केला नसावास, कारण बाईंचा चेहरा मला दिसत होता. त्या उठल्या, तुला काहीतरी मऊ आवाजात म्हणाल्या, आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. शेजारच्या सुमनबाईंनी घाईघाईने केलेला शिरा त्यांनी खाल्ला. त्यांचं ताट पंगतीतून उचललं तुझ्या आईने. मला म्हणाली, पोरनं तोंड दखा जरा. मी आमटी मागितली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. विद्यार्थिनी उत्तम, कुटुंबाची तयारी दिसत नाही. नाशिकची मुलगी गेली. तू बंबात वह्या घातल्यास, त्या दिवशी आंघोळीचं पाणी लवकर तापलं. मला तू काही बोलली नाहीस. देवधर्माचा माणूस, चालीरीत मोडणार नाही, हे तू धरूनच चालली होतीस, त्यामुळे राग धरायलाही माझ्यावर जागा नव्हती. राग धरलास तो सरांवर. एक ओळ लिहून तारीख बदलायची, तेवढं त्यांच्याच्याने झालं नाही! तू त्यांच्या वर्गाला गेली नाहीस, हिंदीच्या तासालाही मागे बसलीस. पुढच्या वर्षी जपानीला पोरं उरली नाहीत, वर्ग बंद पडला. तुझ्या लग्नाला सर आले होते. मांडवाच्या दारात तू तोंड फिरवलंस. ते अक्षता टाकून, न जेवता गेले. मी पाहुण्यांना पत्रावळी मांडत होतो, त्यांना जाताना मी पाहिलं, आणि थांबवलं नाही.

मागच्या दिवाळीत मी शिरपूरला तुझ्याकडे आलो होतो. जावईबापू भटूराव सूतगिरणीतून यायचे होते, तू भाजी आणायला गेली होतीस. चहा करावा म्हणून मी तुझ्या स्वयंपाकघरात साखर शोधायला लागलो. फळीवर ओळीने डबे, आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, त्या तुझ्या जपानी अक्षरांत. तूरडाळ, हरभरा, जिरं काय असेल ते. मला एकही वाचता येईना. पाच डबे उघडले तेव्हा साखर सापडली. भटूराव आल्यावर हसत म्हणाले, आबा, ती कपडेसुद्धा जपानीत मोजते, विचारलं तर म्हणते सवय आहे. मी चहा घेतला नाही. तुला वाटलं माझं पित्त खवळलं.

आता खरं बोलतो. इतकी वर्षं मी जो भेटेल त्याला सांगत आलो, काय करणार, भाऊबंदकीपुढे माझं चालेना, झिपरूनाना पंगतीतून उठून गेले असते. खोटं आहे ते, पोरी. आदल्या दिवशी, ते नाही म्हणतील या आशेने, मी नानांना विचारलं होतं. कुळातला सगळ्यात मोठा माणूस, त्यांच्या शब्दाबाहेर कोणी नाही. नाना तंबाखू मळत होते, मान वर न करता म्हणाले, बसू दे ना तिले. देवीले कोन परकं शे? पोरनं कल्यान व्हस तर एक घास काय मोठा? नानांनी हो म्हटलं होतं. ते आता नाहीत, त्यांच्या नावावर मी दहा वर्षं हे पाप ढकललं.

आणि सर. सरांना तू तारीख बदला म्हणालीस, त्याच संध्याकाळी ते सायकल दामटत मळ्यात आले होते. पुण्याला लिहिलेलं पत्र त्यांच्या खिशात होतं, तारीख पुढे ढकला असं. पोस्टात टाकण्याआधी घरच्या माणसाला विचारावं म्हणून आले. मी त्यांच्या हातातून ते पत्र घेतलं. म्हटलं, सर, कशाला बाईंचा कार्यक्रम मोडता? आमचं घर, आमची कानबाई, मी बाईंना माझ्या शेजारी बसवून रोट वाढतो. या शालिग्रामचा शब्द आहे. चंद्रकलेला मात्र बोलू नका, तिला त्या दिवशी बघून आनंद होऊ द्या. सर किती खूश झाले! माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, आबा, तुम्ही फार मोठ्या मनाचे. शब्द देताना मला ठाऊक होतं की मी तो पाळणार नाही. रागाच्या भरात, ऐनवेळी कच खाऊन घडलं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. ठरवून केलं. चालीरीतीचा आधार असा मिळाला की कोणी बोट दाखवणार नाही, तूसुद्धा नाही.

का केलं, ते तू विचारशील. तुझ्या लग्नाचं अडेल, लोक काय म्हणतील, हे सगळं मी मनाला सांगून बघितलं. त्यातलं काही नव्हतं. मला भीती वाटली. तू रेडिओपुढे बसून बोलायचीस, हसायचीस, आणि माझ्याच घरात, माझ्याच ओसरीवर काय चाललंय ते मला कळायचं नाही. तुझ्या बोबड्या बोलण्यापासून तुझा शब्द न् शब्द मला कळत आला होता. ही पोरगी वर्षभराने परत येईल, तेव्हा हिच्याशी काय बोलावं हे आपल्याला सुचेल का, या विचाराने मी झोपेतून उठून बसायचो. आपल्या रोटाचे गहू पुरुषमाणसांच्या नावाने मुठी मोजून घेतात. तुझ्या नावाची मूठ मी कधी मोजली नाही, आणि तरी तू माझ्या हातून सुटू नयेस असं मला वाटत होतं. हा कुठला न्याय? लेकीला धरून ठेवलं, आणि दोन वर्षांत वाजतगाजत शिरपूरला धाडलं. आता कानबाईला तुलाही माझ्या हातून रोट देता येत नाही. ओगावाबाईंना मी बाहेरची म्हटलं, त्याच रीतीने तूही बाहेरची झालीस.

पुण्याचा नकार आला त्या आठवड्यात मी सरांच्या खोलीवर गेलो होतो. माफी मागायला गेलो होतो असं म्हणवत नाही, तुम्ही तिला सांगाल का हे विचारायला गेलो होतो. एवढा मी हलका. सर स्टोव्हवर भात शिजवत होते. त्यांनी पातेलं उतरवून स्टोव्ह बंद केला. मग म्हणाले, तिला माझ्यावरच रागावू द्या. गुरुजी तिला दुसरे मिळतील, बाप दुसरा कुठून आणायचा? मी तिथून उठलो तो सुटलो या आनंदात. माणूस इतका निर्लज्ज होऊ शकतो. तुला दुसरे गुरुजी मिळाले नाहीत, हे त्या डब्यांपुढे उभा राहिलो तेव्हा मला समजलं.

हे आजच का लिहितो, ते सांगतो. सर निवृत्त होऊन धुळ्यात, देवपूरला राहतात. तिथल्या एका कॉलेजने जूनपासून अकरावी-बारावीला जपानीचा वर्ग काढायचा ठरवलंय आणि त्यांना बोलावलंय. पण साखरेच्या आजाराने त्यांची नजर चालली आहे, डॉक्टरांनी वर्षभराचाही भरवसा दिलेला नाही. त्यांनी कॉलेजला सांगितलं, माझी एक विद्यार्थिनी आहे, तिला वर्षभर माझ्याजवळ बसू द्या, विसरलेलं सगळं तिला पुन्हा देतो, मग वर्ग तिचा. त्यांचा निरोप तुझ्याकडे आला आणि तू पाकिटावरचं नाव बघून तो परत पाठवलास, हे मला भटूरावांनी सांगितलं. त्यांची ना नाही, शिरपूर-धुळे रोजची एस. टी. आहे, पोराला शाळेतून ते आणतील म्हणतात. तीस तारखेपर्यंत कॉलेज थांबणार आहे. मी हे लिहितोय हे सरांना ठाऊक नाही, कळलं असतं तर त्यांनी पुन्हा मला वाचवलं असतं. चंद्रकला, माफ कर असं मी लिहिणार नाही. ते मागितलं की तुला माझा विचार करत बसावं लागेल, आणि तुझा आधीच खूप वेळ मी खाल्ला आहे. राग माझा आहे, तो माझ्याकडे धाड. त्यांच्याकडे मात्र त्यांना तुझा चेहरा दिसतोय तोवर जाऊन बस. आखाजीला इकडे नाही आलीस तरी आईला मी स्वतः सांगेन का आली नाही ते, तिलाही हे सगळं अजून ठाऊक नाही.

तुझाच, आणि तुझ्याशी खोटं वागलेला,
आबा